कपाळावरची आठी

या सदरात मी एरवी मोबाइल, कॉम्प्युटर, मुलांचे अभ्यास असले विषय घेऊन येते. या वेळचा विषयही घरातलाच आहे, पण थोडा धीर करून लिहिते आहे. ज्यांच्याबद्दल लिहिलंय त्यांनी आधी वाचून ‘जाऊ दे, छाप’ असं म्हटलं आहे.

आमच्या सासूबाई, म्हणजे आई, ६१ वर्षांच्या. तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं. वह्या तपासून तपासून दोन भुवयांच्या मध्ये दोन उभ्या आठ्या पडल्या, त्या दोन वर्षांपूर्वी बाबा गेल्यानंतर आणखी खोल झाल्या. डिसेंबरमध्ये एका संध्याकाळी आमच्या पाच वर्षांच्या चिरंजीवांनी विचारलं, ‘‘आजी, आप गुस्सा हो क्या?’’ (घरात मराठी, पण मनातलं बोलायचं झालं की हिंदी. भोपाळच्या घराघरातली गोष्ट!) आई तेव्हा शांतपणे मटार सोलत होत्या.

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी त्या म्हणाल्या, ‘‘अगं, ते बोटॉक्स म्हणतात ते इथे कुणी चांगलं करतं का?’’ नवरा हसला. मी म्हणाले, ‘‘आई, या वयात?’’ त्या कप उचलून आत गेल्या. दोन दिवस कामापुरतं बोलल्या. तिसऱ्या दिवशी मीच विषय काढला. म्हणाल्या, ‘‘हे गेल्यापासून जो भेटतो तो विचारतो, बरं आहे ना? मी बरी असते गं. तोंड बरं नसतं.’’

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. मग इंजिनिअर माणूस करतो तेच मी केलं, वाचायला बसले.

हे औषध मुळात विष आहे. जर्मनीत १८२० च्या सुमारास युस्टिनुस केर्नर नावाच्या डॉक्टरांनी खराब सॉसेज खाऊन होणाऱ्या विषबाधेचा अभ्यास केला होता. ‘बोटुलस’ म्हणजे लॅटिनमध्ये सॉसेजच. हे विष नसेकडून स्नायूला जाणारा निरोप अडवतं, त्यामुळे स्नायू ढिला पडतो. अगदी सूक्ष्म मात्रेत हाच गुण उपयोगी ठरला. १९८९ मध्ये अमेरिकेत तिरळेपणा आणि पापण्या आवळल्या जाण्याच्या आजारावर त्याला मंजुरी मिळाली. त्याच सुमारास कॅनडात व्हँकुव्हरच्या नेत्रतज्ज्ञ जीन कॅरुथर्स यांना एक रुग्ण सांगू लागली, की भुवयांमध्ये टोचलं की माझा चेहरा निवांत दिसतो. त्यांचे पती अ‍ॅलेस्टर त्वचारोगतज्ज्ञ. दोघांनी मिळून त्यावर काम केलं आणि १९९२ मध्ये निबंध छापला. २००२ मध्ये अमेरिकेत चेहऱ्यासाठी पहिली मंजुरी मिळाली, ती नेमकी भुवयांमधल्या आठ्यांसाठी. आईंना हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, ‘‘बघ, माझ्यासारख्या बऱ्याच असणार!’’

तेवढ्यात शेजारणीने एका पार्लरचा मेसेज पुढे पाठवला. बोटॉक्स आणि फिलर दोन्ही, एकाच दिवशी, तीन दिवसांपुरती सवलत. मी फोन केला. सुई कोण टोचणार? ‘‘मॅडमचं ट्रेनिंग झालंय.’’ औषध कुठलं? ‘‘इम्पोर्टेड आहे.’’ आई कुठल्या गोळ्या घेतात, हे मात्र कुणी विचारलंच नाही. आई रोज अ‍ॅस्पिरिनची छोटी गोळी घेतात. मी फोन ठेवला.

इथे अरेरा कॉलोनीत दर चार घरांमागे एक दवाखाना आहे, त्यामुळे डॉक्टर शोधायला लांब जावं लागलं नाही. त्वचारोगात एमडी असलेल्या एका डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी पहिली पंधरा मिनिटं फक्त प्रश्न विचारले. रक्त पातळ करणारी गोळी? स्नायूंचा काही आजार? आधी चेहऱ्यावर काही केलंय? अ‍ॅस्पिरिनचं ऐकून म्हणाल्या, ‘‘ती मनाने बंद करू नका. आधी हृदयाच्या डॉक्टरांना विचारा.’’ त्यांनी गोळी चालूच ठेवायला सांगितली. फार तर काळंनिळं होईल, एवढं मान्य करून पुढे जायचं ठरलं.

मग त्यांनी आईंच्या हातात आरसा दिला. ‘‘रागवा.’’ आई रागावल्या (सराव दांडगा!). ‘‘आता चेहरा सैल सोडा.’’ आठी बरीचशी गेली, पण एक बारीक रेघ राहिलीच. जी गेली ती स्नायू आवळल्यामुळे पडणारी, तिच्यावर बोटॉक्स. जी राहिली ती कातडीतच उमटलेली, तिच्यावर बोटॉक्स पुरेसं पडत नाही. तिथे फिलर, म्हणजे बहुतेक वेळा हायलुरॉनिक अ‍ॅसिडची जेल, खळगा आतून भरून काढते. हा पदार्थ आपल्या शरीरातही असतो आणि पाणी धरून ठेवतो.

आईंनी ते एका वाक्यात बसवलं. ‘‘म्हणजे पैठणीच्या घडीसारखं. घडी वेळेवर मोडली तर ठीक, नाहीतर घडीवरच विरते. मग रफू करावं लागतं.’’ डॉक्टर मराठी नव्हत्या. मी पैठणी समजावून सांगितली, तर त्या म्हणाल्या, आता मी सगळ्यांना असंच सांगेन.

दोन्ही एकत्र केल्याचा फायदा खरा आहे. घडी पडायची थांबली की रफू जास्त टिकतं. कॅरुथर्स दांपत्याने २००३ मध्ये ३८ स्त्रियांवरचा अभ्यास छापला. नुसतं फिलर दिलेल्यांची आठी साधारण १८ आठवड्यांनी परतली, दोन्ही दिलेल्यांची ३२ आठवड्यांनी.

पण आमच्या डॉक्टर दोन्ही एका दिवशी करायला तयार नव्हत्या. काही डॉक्टर करतात, असं त्यांनीच सांगितलं. त्यांची पद्धत मात्र अशी, की आधी बोटॉक्स, दोन आठवडे थांबायचं, आणि मग उरलेल्या रेघेला फिलर लागतं का ते बघायचं. हे मला फार पटलं. आमच्या कामातही दोन बदल एकदम केले आणि काही बिघडलं, तर कशाने बिघडलं ते शोधण्यात रात्र जाते. शिवाय बरेचदा पहिल्या बदलानेच काम भागतं.

आणखी एक फरक लक्षात ठेवण्यासारखा आहे. हायलुरॉनिक अ‍ॅसिडचं फिलर चुकलं तर ते विरघळवणारं इंजेक्शन असतं. बोटॉक्स परत घेता येत नाही. पापणी खाली आली तर उतार पडेपर्यंत काही आठवडे वाट बघायची.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात बोटॉक्स झालं. पाच ठिकाणी बारीक सुया, दहा मिनिटांत मोकळ्या. त्यानंतर चार तास आडवं व्हायचं नाही, कपाळ चोळायचं नाही. दुपारची वामकुक्षी चुकली हीच आईंची मुख्य तक्रार. चौथ्या दिवशी फरक दिसू लागला, दोन आठवड्यांत पूर्ण झाला. बारीक रेघ तेवढी उरली.

आता फिलर. इथे डॉक्टरांनी जे सांगितलं त्यासाठीच मी हा लेख लिहिते आहे. भुवयांमधल्या जागेतल्या रक्तवाहिन्या डोळ्याच्या रक्तवाहिन्यांना जोडलेल्या असतात. फिलर चुकून रक्तवाहिनीत गेलं तर कातडीचा रक्तपुरवठा बंद पडू शकतो, आणि क्वचित दृष्टीही जाते. असं फार कमी वेळा होतं, पण ही जागा सगळ्यात धोक्याच्या जागांपैकी एक आहे. ‘‘एका रेघेसाठी मी तुम्हाला इथे सुचवणार नाही,’’ असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. नाकापासून ओठांच्या कोपऱ्यापर्यंतच्या रेघांना थोडं फिलर देता येईल, धोका तिथेही आहे पण कमी. आईंनी एक रात्र विचार केला आणि तेवढंच करायचं ठरवलं. कपाळावरची बारीक रेघ ठेवली. म्हणाल्या, ‘‘तीस वर्षांच्या नोकरीची खूण राहू दे.’’

रथसप्तमीच्या हळदीकुंकवाला ओठाशेजारी निळा डाग होता. मी पावडर पुढे केली, त्यांनी नको म्हटलं. एका काकूंनी विचारलंच, ‘‘काय लागलं हो?’’ आईंनी सांगून टाकलं. दोघी-तिघींनी नाकं मुरडली आणि जाताना चौघींनी डॉक्टरांचा नंबर नेला.

तुमच्याही घरात कुणी विचारलं तर ‘या वयात?’ म्हणू नका. मी म्हटलं, त्याचं अजून वाईट वाटतं. त्याऐवजी सोबत जा आणि हे विचारा: टोचणारे डॉक्टर त्वचारोगतज्ज्ञ किंवा प्लास्टिक सर्जन आहेत का, त्यांची नोंदणी आहे का? औषधाची बाटली आपल्यासमोर उघडतात का, तिच्यावरची कंपनी, बॅच आणि मुदत लिहून देतात का? फिलर विरघळवणारं इंजेक्शन त्याच दवाखान्यात तयार असतं का? फिलरनंतर कातडी पांढरी पडली, खूप दुखलं किंवा दिसण्यात फरक पडला, तर त्या क्षणी कुणाला फोन करायचा? गरोदरपणात आणि बाळ अंगावर पीत असताना हे करू नये. आणि पैशांचं आधीच विचारून घ्या. निव्वळ सौंदर्यासाठी केलेल्या उपचारांना आरोग्य विमा चालत नाही, आणि बिलावर जीएसटीही लागतो.

हे कायमचं नसतं. बोटॉक्स तीन-चार महिने, फिलर साधारण सहा महिने ते वर्षभर. मे महिन्यात आंब्याच्या भावावरून नवरा काहीतरी बोलला, आणि आईंच्या कपाळावर आठी आली. चिरंजीव ओरडले, ‘‘आजी, अब सच्ची में गुस्सा हो!’’ सगळेच हसलो. परत करायचं का, विचारलं तर म्हणाल्या, ‘‘दिवाळीला बघू. माझं मी ठरवीन.’’

बरोबर आहे. चेहरा त्यांचा आहे.