नदीची किंमत कुणाच्या खिशाने मोजता?

निसर्गाची किंमत काढणारे आलेत. शहरातलं रान, नदी, खाडी वाचवायची तर आधी तिचे रुपये काढा, म्हणतात. कसे काढतात? माणूस तिथं यायला किती खर्च करतो ते मोजतात. नाहीतर विचारतात, हे वाचवायला तुम्ही किती पैसे द्याल?

मी पवनारचा, पोटासाठी मुंबईच्या गोदीत. आमच्या पवनारला धाम नदी, काठावर विनोबांचा आश्रम. नागपूरहून मोटारीनं येणाऱ्याचं पेट्रोल या हिशेबात नदीची किंमत वाढवतं. धुण्याचं बोचकं घेऊन पायी उतरणाऱ्या बाईचा खर्च शून्य. म्हणजे तिची नदी शून्य! हा हिशेब की हातचलाखी?

मुंबईत या हिशेबाला बुलडोझर जोडलाय. १९९७ साली हायकोर्टाने बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातल्या झोपड्या हटवायचा हुकूम दिला. जंगलासाठी हजारो घरं मोडली. आणि मिठी नदीच्या दलदलीवर भराव घालून वांद्रे-कुर्ला संकुल उभं केलं, ते काय? काच लावली की संकुल, पत्रा ठोकला की अतिक्रमण! २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला. पाण्याची जागा बुजवली कुणी, आणि चूल बुडाली कुणाची?

२०१९ च्या ऑक्टोबरात आरेत मेट्रोच्या कारशेडसाठी दोन हजारांवर झाडं कापली. आडवे गेले त्यांना पोलिसांनी उचललं. विचारा त्यांना, किती पैसे देणार होता? त्यांनी अंग दिलं. ते कुठल्या रकान्यात लिहिणार?

म्हणे झोपडीतल्याला पाखराचं काय! शिवडीच्या चिखलात हिवाळ्यात रोहित उतरतात. पाळी सुटल्यावर आम्हीपण बघतो. डोळे काय फक्त दुर्बीणवाल्यांनाच फुटलेत?

२० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं, ते भाव विचारून नाही. तळं सार्वजनिक, म्हणून आमचंही. आमचं मोजमाप तिथून सुरू होतं. ज्याला ऐपत त्याचं नव्हे, ज्याला गरज आणि हक्क त्याचं.

तेव्हा रान वाचवा, नदी वाचवा, खाडी वाचवा. आम्ही पुढे उभे राहू. पण वहीत पहिलं नाव पायी येणाऱ्याचं लिहा. आमचं घर मोडून राखलेल्या रानाला बाग म्हणा, बंगल्याचं अंगण म्हणा. निसर्ग म्हणू नका.