ब्रीफकेसवाली

फ्रीलान्सर असण्याचा सगळ्यात मोठा ताप कोणता माहितीये? काम मिळत नाही, हा नाही. काम मिळतं, होतं, छापूनही येतं. पेमेंट येत नाही!

माझे अठ्ठावीस हजार रुपये लोअर परळच्या एका कंपनीत पाच महिने अडकले होते. नाव सांगत नाही, कारण पुढचं कामही तिथूनच मिळेल अशी एक वेडी आशा आहे. 'जेंटल रिमाइंडर'वाले मेल करून झाले, मग जेंटलपणा संपला. दोनदा स्वतः जाऊन आले. पाठीला सॅक, पायात स्नीकर्स, कानात इअरफोन. दोन्ही वेळा रिसेप्शनवरच्या मुलीने गोड हसून सांगितलं, "इंटर्नशिपचे इंटरव्ह्यू दुसऱ्या मजल्यावर." अकाउंट्सचं दारही दिसलं नाही.

"आता बाबांची ब्रीफकेस घेऊन जा," आई म्हणाली. टोमणाच होता तो. मी सीरियसली घेतला.

बाबांची ब्रीफकेस म्हणजे काळी, कडक, दोन नंबर-लॉकवाली व्हीआयपी. २०१९ मध्ये ते रिटायर झाले आणि ती माळ्यावर गेली. त्याआधी सव्वीस वर्षं रोज डोंबिवली ते व्हीटी. (सीएसएमटी म्हणायचं असतं हे त्यांना मान्य आहे, फक्त तोंडात बसत नाही.) लोकलच्या ग्रुपमध्ये समोरासमोरच्या चौघांच्या गुडघ्यांवर हीच ब्रीफकेस आडवी पडायची आणि तिच्यावर रमीचे डाव रंगायचे. शेजारच्या डब्यात भजनी मंडळ, तिथे ठेका धरायलाही कुणाची तरी ब्रीफकेसच. सॅकवर पत्ते खेळून दाखवा!

लहानपणी मला वाटायचं की आत भयंकर महत्त्वाचे कागद असणार. हात लावायची बंदी होती ना! एके दिवशी बाबांनी किचनच्या ओट्यावर ती उघडली, खट्ट-खट्ट, आणि आतून मेथीची जुडी निघाली. शिवाय रिकामा डबा, घडी घातलेला पेपर, छत्री. बस. सव्वीस वर्षं आख्खी डोंबिवली या माणसाला 'साहेब' म्हणत होती, आणि आत मेथी!

पण फंडा तोच आहे, बॉस. ब्रीफकेसमध्ये काय आहे हे कुणालाच कळत नाही. 'पल्प फिक्शन'मध्ये आख्खा पिक्चर एका ब्रीफकेसभोवती फिरतो आणि आत काय होतं ते शेवटपर्यंत दाखवत नाहीत. १९९४ चा पिक्चर, लोक अजून वाद घालतायत. हिंदी सिनेमात उलटं. ती उघडली की नोटाच दिसणार.

आणि बजेट! हा शब्दच मुळात 'बुजेट' या जुन्या फ्रेंच शब्दावरून आलाय, अर्थ चामड्याची छोटी पिशवी. इंग्लंडमध्ये ग्लॅडस्टनसाठी १८६० च्या सुमारास बनवलेली लाल पेटी तिथल्या बहुतेक अर्थमंत्र्यांनी थेट २०१० पर्यंत मिरवली. आपल्याकडे २६ नोव्हेंबर १९४७ ला षण्मुखम चेट्टींनी स्वतंत्र भारताचं पहिलं बजेट मांडलं, तेही चामड्याच्या बॅगेतून. मग वर्षानुवर्षं तोच फोटो. संसदेबाहेर अर्थमंत्री, हातात ब्रीफकेस. २०१९ मध्ये निर्मला सीतारामन यांनी ती बंद करून लाल कापडातली वहीखात्याची पद्धत आणली, २०२१ मध्ये त्यात टॅब्लेट आला. पण गंमत बघा, टॅब्लेटही नुसता हातात धरून नाही आणला, लाल कव्हरात गुंडाळूनच!

ब्रीफकेसला मारलं ते लॅपटॉपने. कडक पेटीचं स्वतःचंच वजन, त्यात लॅपटॉप आणि चार्जर, एका हाताने किती ओढणार? सॅक दोन्ही खांद्यांवर वजन वाटून घेते, हात मोकळे ठेवते. डॉक्टरही सॅकच्याच बाजूने बोलतील. मी पण रोज सॅकच नेते. पण सॅक कशी उघडते? चेन ओढा, हात कोपरापर्यंत आत घाला, चाचपडा, हेडफोनची वायर बाहेर काढा, सॉरी म्हणा. ब्रीफकेस टेबलावर ठेवली की समोरचा आपोआप गप्प होतो.

तर, गेले. लेडीज डब्यात एका काकूंनी लगेच विचारलं, "एलआयसी का गं?" लोअर परळला वॉचमनने दार धरलं. रिसेप्शनवरची तीच मुलगी चक्क उभी राहिली, "मॅम, कुणाकडे?" मी म्हटलं, अकाउंट्स. एवढंच. पाच मिनिटांत मी आत होते आणि मागून कुणीतरी कुजबुजलं, "ऑडिटवाल्या आल्यात." मी दुरुस्त केलं नाही. आईशप्पथ, मुद्दाम नाही, पण केलंही नाही.

"इनव्हॉइसची कॉपी आहे ना, मॅडम?" अकाउंट्सवाल्यांनी विचारलं. आहे की! ब्रीफकेस टेबलावर ठेवली, दोन्ही अंगठ्यांनी खटके दाबले. काही नाही. पुन्हा. काही नाही. सकाळी बाबांनीच ती उघडून दिली होती, आणि गर्दीत घासून लॉकचे आकडे फिरले होते. तीन आकड्यांचं लॉक म्हणजे हजार शक्यता. एकेक जुळवून बघायला दोन सेकंद धरले तरी अर्ध्या तासाच्या वर. आणि अशी दोन लॉकं. समोरचा माणूस घड्याळाकडे बघत होता, कारण लंच एक वाजता.

बाबांना फोन लावला. 'ऑडिटवाल्या मॅडम' खुर्चीत वाकून हळूच विचारतायत, "बाबा, नंबर काय?"

"डावीकडे आठशे सेहेचाळीस. उजवीकडे सहाशे बारा."

खट्ट-खट्ट.

चौदा हजार दुसऱ्याच दिवशी अकाउंटला आले. बाकीचे 'नेक्स्ट सायकल'मध्ये म्हणे.

रात्री जेवताना विचारलं, हे कुठले नंबर? वाढदिवस नाही, गाडीचा नंबर नाही.

"गाडीचेच आहेत," बाबा ताटातून मान वर न करता म्हणाले. "आठ-सेहेचाळीस जायची, सहा-बारा यायची. जायचीची वेळ बदलली मधे, आठ-एकावन्न झाली. पण लॉक कोण बदलत बसणार?"

ब्रीफकेस अजून परत माळ्यावर ठेवलेली नाही. चौदा हजार यायचेत.