‘आपल्यात असं नसतं’ म्हणणाऱ्यांना

वृद्धाश्रमाचा विषय निघाला की आपल्या बैठकीत एक वाक्य हमखास ऐकू येते : ‘आपल्यात असं नसतं.’ बोलणाऱ्याचा आवाज तेवढ्यापुरता उंचावतो. मग आईच्या पायाखालच्या जन्नतचा उल्लेख होतो, आई-बापाला ‘उफ्’सुद्धा करायचे नाही या हुकमाची आठवण दिली जाते, चहा येतो आणि विषय संपतो. आमचे भांडण त्या हुकमाशी नाही. त्याच्या आड लपून बसण्याशी आहे.

पिंपरी-चिंचवडला आपली माणसे आली ती पोटासाठी. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, साठच्या दशकात बजाज आणि टेल्को आल्या. १९७२च्या दुष्काळाने सोलापूर-उस्मानाबादकडची कितीतरी घरे इकडे ढकलली. कोणी फाउंड्रीत लागला, कोणी प्रेसवर, कोणी भंगाराच्या हातगाडीवर. ती पिढी आज पंचाहत्तरी-ऐंशीत आहे. भविष्य निर्वाह निधीच्या पेन्शनची किमान रक्कम २०१४ साली हजार रुपये महिना ठरली. हजार रुपये! आणि ठेकेदाराकडे जन्म घालवलेल्याला तेही नाहीत.

यांची मुले आता चाकणच्या कारखान्यांत तीन पाळ्यांत राबतात, तीही बहुतेक कंत्राटावर. सुना पॅकिंगला जातात, लोकांच्या घरी भांडी-स्वयंपाक करतात. मग नेहरूनगर-कुदळवाडीच्या दहा बाय बाराच्या खोलीत म्हातारा दिवसभर एकटा असतो, कधी बाहेरून कडी लावून. ‘आमच्या खानदानाने बुजुर्गांना सांभाळले,’ असे आपण छाती पुढे काढून सांगतो. खानदानाने काय केले? ओल्या चादरी धुतल्या त्या सुनेने. कुशीवर वळवले ते तिने, रात्री उठली ती. तिची खिदमत फुकट होती म्हणून आपली परंपरा स्वस्तात टिकली. आज ती कामावर गेली, तर आपल्याजवळ तिच्या जागी ठेवायला एक वाक्य तेवढे उरले आहे.

आमच्या ओळखीच्या एका मोहल्ल्यातले असेच एक चाचा. कुठे दिसेनात म्हणून विचारले, तर मुलगा म्हणाला, ‘अब्बा गावाला गेलेत.’ सहा महिन्यांनी कळले की चाकणच्या बाजूला एका वृद्धाश्रमात आहेत. जमातीत नाक कापले जाईल म्हणून त्याने गाव सांगितले होते. रमजानच्या आधी आम्ही काही मंडळी खजूर आणि केळी घेऊन तिथे गेलो. एका लांबट खोलीत तेवीस खाटा. रात्री तेवीस जणांना मिळून एक बाई. चाचांच्या कमरेखाली जखम झाली होती आणि तिच्यावर फडके टाकलेले होते. त्यांनी आमच्याकडे खजूर मागितले नाहीत, पाणी मागितले. तिथे संध्याकाळी पाचनंतर पाणी देत नाहीत. का? ‘रात्री लघवीला कोण उठवणार?’ व्यवस्थापक हे लपवून नव्हे, समजावून सांगत होता. माणूस दुष्ट वाटला नाही. त्याला कोणी कधी विचारलेच नव्हते. आम्हीही विचारले नाही. खाटेशेजारी उभे राहून फोटो काढला आणि परत आलो. ते फोटो नंतर मोबाईलवर फिरले, लोकांनी ‘माशाअल्लाह’ लिहिले.

सवाबच्या या हिशेबाने म्हाताऱ्यांचे वाटोळे केले आहे, असे आम्हाला स्पष्ट म्हणायचे आहे. धर्मादाय म्हटले की तपासणी अपमान वाटते. फुकट सांभाळतात, वर आणखी नियम दाखवायचे का, असे देणाराही म्हणतो आणि सांभाळणाराही. पण म्हातारपणी तहान मुळातच कमी लागते. त्यात पाणी तोडले की मूत्रमार्गाचा संसर्ग होतो, माणूस बरळू लागतो, आणि मग ‘डोके फिरलेय’ म्हणून त्याचे हात बांधतात. अंथरुणाला खिळलेल्याला साधारण दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी लागते. नाही दिली तर मांस सडते. इथे दया उपयोगी पडत नाही. रात्रपाळीला दुसरा माणूस लागतो, आणि कोणाला किती वाजता वळवले हे लिहिणारी वही लागते.

कायदा काय म्हणतो? आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा कायदा २००७चा. त्याच्या एकोणिसाव्या कलमात प्रत्येक जिल्ह्यात निदान दीडशे निराधार वृद्धांसाठी आश्रम काढण्याची गोष्ट आहे, तिथल्या दर्जाचे निकष ठरवण्याचीही आहे. पण शब्द असा की सरकार असे ‘करू शकेल’. ‘करील’ नव्हे! २०१९च्या डिसेंबरात दुरुस्तीचे विधेयक लोकसभेत आले. वृद्धाश्रमांची नोंदणी सक्तीची, किमान दर्जा ठरलेला, असे त्यात होते. ते मंजूर झाले नाही. २०२४ मध्ये ती लोकसभा विसर्जित झाली आणि विधेयकही गेले. कोणत्या समाजाने त्यासाठी मोर्चा काढला? आपण तर नाहीच. आपल्यात ‘असं’ नसतेच ना!

‘हे निकष-बिकष बाहेरचे खूळ, माया कागदावर लिहिता येत नाही,’ असे आमच्याच एका बुजुर्ग मित्राने ऐकवले. त्यांना आम्ही कैरोला घेऊन जातो. तिथे सुलतान कलावूनने १२८४ साली मोठा बीमारिस्तान बांधला आणि त्यासाठी वक्फ केला. त्या वक्फनाम्यात नुसते ‘रुग्णांची सेवा करावी’ असे मोघम लिहिलेले नाही. प्रत्येक रुग्णाचे जेवण त्याच्या स्वतःच्या भांड्यात, दुसऱ्याशी वाटून नव्हे. त्यावर झाकण हवे. उन्हाळ्यात रुग्णांना खजुरीच्या पानांचे पंखे द्यावेत. आणि हा खर्च वक्फच्या उत्पन्नातून व्हावा, असे नमूद आहे. सातशे वर्षांपूर्वी झाकणाचा आणि पंख्याचा खर्च लिहून ठेवणारे लोक मायेला कमी नव्हते. माया विसरते, हे त्यांना ठाऊक होते.

वक्फ कायद्यातल्या २०२५च्या दुरुस्तीविरुद्ध आपण बोललो, बोलायलाच हवे होते. पण आपल्या शहरातल्या वक्फच्या उत्पन्नातून एखाद्या खिळलेल्या म्हातारीच्या उशाशी रात्रीची बाई ठेवता येईल का, हे विचारणारे आपल्यात किती निघाले?

आमची मागणी छोटी आहे. ज्या जमातीला वृद्धाश्रमात केळी वाटायची आहेत तिने आधी पाच गोष्टी विचाराव्यात. रात्री किती माणसे असतात? पाणी किती वाजेपर्यंत मिळते? जखमा कोण पाहतो? औषधाची वही दाखवाल का? आणि माणूस दगावला तर कोणाला कळवता, दफन कुठे होते? आश्रम कोणाचाही असो, हिंदू संस्थेचा, मिशनऱ्यांचा, उद्या आपला स्वतःचा. आपल्याला तर हेच प्रश्न आपल्या घरातही विचारावे लागतील, बाहेरून लावलेल्या कडीसकट.

चाचांचा मुलगा परवा भेटला. इकडे तिकडे बघत हळूच म्हणाला, ‘तुम्ही गेला होतात म्हणे. अब्बांना पाणी देतात ना नीट?’ त्याला ठाऊक होते तर. आम्ही पुढच्या जुम्मेरातीला पुन्हा जातो आहोत. या वेळी त्यालाही बरोबर घेणार आहोत, आणि रात्री नऊनंतर जाणार आहोत.