तीनशेव्या क्रमांकाची मजुरी

सप्टेंबर २०२३ च्या अखेरीस हांगझाऊ येथील आशियाई क्रीडास्पर्धेत ऋतुजा भोसले हिने रोहन बोपण्णाच्या साथीने टेनिसमधील मिश्र दुहेरीचे सुवर्णपदक मिळविले. पहिला सेट गमावल्यानंतर चिनी तैपेईच्या जोडीवर मिळविलेला तो विजय होता. दुसऱ्या दिवशी सदरमधील आमच्या सकाळच्या फिरण्याच्या मंडळीत एका निवृत्त स्नेह्यांनी विचारले, "बोपण्णा ठाऊक आहे, पण ही मुलगी एकाएकी आली कोठून?"

ती एकाएकी आली नव्हती. अमेरिकेत टेक्सास ए अँड एम विद्यापीठात शिकून परतलेली ही मुलगी कित्येक वर्षे लहान व्यावसायिक स्पर्धांतून खेळत होती, आणि एकेरीच्या जागतिक क्रमवारीत तिचे नाव बहुतेक काळ तीनशेच्या पुढेच होते. क्रीडापानाच्या तळाशी बारीक टाइपात छापले जाणारे अशा स्पर्धांचे निकाल वाचण्याची मला सवय आहे. ही सवय लागली ती पुण्यात, मुलीकडे मुक्कामाला असताना. डेक्कन जिमखान्यावर दरवर्षी महिलांची आंतरराष्ट्रीय स्पर्धा भरत असे. तिच्या पात्रता फेरीचा एक सामना मी भर उन्हात पाहिला. प्रेक्षक बोटांवर मोजण्याइतके होते. हरलेली परदेशी मुलगी सामना संपताच स्वतःची बॅग उचलून पुढच्या गावच्या गाडीची चौकशी करू लागली. अर्थशास्त्र शिकविण्यात हयात गेलेल्या माणसाला तेव्हा साहजिकच प्रश्न पडला, की हिच्या प्रवासाचा हिशेब जुळतो कसा?

तो जुळत नाही, हे आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या स्वतःच्या पाहणीनेच दाखविले आहे. २०१३ सालच्या आकडेवारीनुसार पुरुषांच्या बक्षिसांपैकी सुमारे ६० टक्के रक्कम वरच्या एक टक्का, म्हणजे अवघ्या ५० खेळाडूंच्या पदरी पडली. प्रशिक्षकाचा पगार न धरताही एका खेळाडूचा वर्षाचा खर्च ४० हजार डॉलरच्या घरात होता. आणि मिळकत व खर्च यांची तोंडमिळवणी पुरुषांत ३३६ व्या आणि स्त्रियांत २५३ व्या क्रमांकापर्यंतच होत होती. त्याखालची प्रत्येक मुलगी पदरमोड करून खेळत होती. सर्वांत खालच्या, एकूण १५ हजार डॉलर बक्षिसांच्या पुरुषांच्या स्पर्धेचे कोष्टक पाहा : विजेत्यास २,१६० डॉलर, पहिल्या फेरीत हरणाऱ्यास १५६. एवढ्यात विमानाचे परतीचे भाडेही निघत नाही.

हे केवळ आपल्याकडचे दुखणे आहे असेही नाही. ब्रिटनचा बिली हॅरिस वडिलांनी दिलेल्या व्हॅनमध्ये झोपून, तीतच स्वयंपाक करून काही वर्षे युरोपभर लहान स्पर्धा खेळत हिंडला. २०२४ साली, वयाच्या २९ व्या वर्षी, तो लंडनच्या क्वीन्स क्लब स्पर्धेच्या उपांत्यपूर्व फेरीत पोचला. आपल्या सुमित नागलने २०२३ मध्ये सांगितले, की वर्षारंभी त्याच्या बँकखात्यात अवघे ९०० युरो होते. पुढच्याच जानेवारीत त्याने ऑस्ट्रेलियन स्पर्धेत मानांकित बुब्लिकला हरविले. या कथा जिद्दीच्या म्हणून सांगितल्या जातात, आणि त्या तशा आहेतही. परंतु व्हॅनमध्ये झोपून जे तेथवर पोचले नाहीत, त्यांची कथा कोणी सांगत नाही.

यावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा, की टेनिस हा मुळात साहेबांच्या क्लबातला खेळ. मेळघाटात मुले कुपोषणाने दगावत असताना समाजवाद्याने त्याची चिंता का वाहावी? आक्षेप रास्त आहे, आणि मेळघाटाच्या ताटातला घास काढून टेनिसला द्या असे मी म्हणणारही नाही. टेनिसच्या तिजोरीत पैसा भरपूर आहे. प्रश्न त्याच्या वाटपाचा आहे. दुसरा आक्षेप बाजाराचा : ज्याचा खेळ लोक पाहतात त्याला पैसा मिळतो, तीनशेव्याला कोण पाहतो? येथे गफलत आहे. पहिला क्रमांक असण्यासाठी तीनशेवा असावा लागतो. खालचे हजारो खेळाडू रोज हरतात म्हणून वरच्याच्या जिंकण्याला मोल येते. शिवाय तीनशेव्याला कोणी पाहत नाही हेही खरे नाही. २०१२ पासून या लहान स्पर्धांचे क्षणाक्षणाचे गुण महासंघाने विकावयास काढले. सट्टेबाजीच्या बाजारात त्यांना गिऱ्हाईक आहे. २०१५ मध्ये झालेला पुढील पाच वर्षांचा करार सुमारे ७ कोटी डॉलरचा होता. म्हणजे १५६ डॉलरवाल्याच्या श्रमालाही किंमत आहे. ती त्याच्या हाती येत नाही, एवढेच. मग या पातळीवर सामने विकले जातात याचे आश्चर्य कसले? २०१८ च्या स्वतंत्र चौकशी समितीने याच दोन कारणांवर, तुटपुंज्या मिळकतीवर आणि गुणांच्या विक्रीवर, बोट ठेवले होते.

हे लिहिताना मला माझेही एक देणे आठवते. मी विभागप्रमुख असताना तासिका तत्त्वावर प्राध्यापक नेमण्याच्या याद्यांवर माझी सही असे. माझाच एक विद्यार्थी तीन महाविद्यालयांत तास घेत स्कूटरवरून धावे. उन्हाळ्यात त्याला मानधन नसे. "थोडी कळ काढ, कायम होशील," असे मी त्याला सांगत असे. तो कायम झाला नाही. वरच्या एका जागेची आशा दाखवून खालच्या दहांना अर्ध्या मजुरीत राबविणे ही रीत टेनिसने शोधलेली नाही. आपण ती आपल्या हातांनी चालविली आहे.

१९५२ साली हेलसिंकीला जाण्यासाठी खाशाबा जाधवांना लोकांनी वर्गणी काढून दिली, कोल्हापूरच्या प्राचार्य खर्डेकरांनी आपले घर गहाण टाकले. पदक आल्यावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. पदकापूर्वी गहाणखत आणि पदकानंतर मिरवणूक, हा आपला शिरस्ता आजही मोडलेला नाही. २०२४ पासून पुरुषांच्या संघटनेने पहिल्या २५० खेळाडूंना किमान मिळकतीची हमी दिली. तत्त्व मान्य झाले हे चांगले. पण ते २५० वर थांबते. गुणांच्या विक्रीतला वाटा ज्यांचे गुण विकले जातात त्यांना मिळाला पाहिजे. अंकिता रैनाला ओएनजीसीने नोकरीचा आधार दिला. सार्वजनिक उद्योगांचे ते दार बंद होता कामा नये. आणि आपल्या सरकारने पदकानंतरच्या बक्षिसांतील निम्मी रक्कम तरी पदकापूर्वीच्या प्रवासभाड्याकडे वळवावी.

पदक मिळाल्यावर "ही कोठून आली?" असे विचारण्याची वेळ आपल्यावर येते, कारण ती वाट चालत असताना तिच्या भाड्याचा हिशेब आपण कधी विचारलेला नसतो.