गाडीतला उंदीर आणि डिकीतले विष

गणपतीचे वाहन म्हणून आपण उंदराला हात जोडतो. पण हेच वाहन आपल्या वाहनात शिरले की भक्तिभाव फार वेळ टिकत नाही. थंडी पडू लागली की आमच्या विष्णुपुरीत ही तक्रार हमखास कानावर येते. रात्री उभी केलेली मोटार सकाळी सुरू होत नाही. बॉनेट उघडून पाहावे तर वायरी कुरतडलेल्या, आणि बॅटरीच्या बाजूला चिंध्या, कापूस नि वाळक्या गवताचा ढीग. मग मेकॅनिकला बोलावणे, खर्चाचा आकडा ऐकून कपाळावर हात मारणे आणि संध्याकाळी किराणा दुकानातून ‘उंदराचे औषध’ आणून गाडीत ठेवणे, हे ठरलेलेच.

आरोग्याच्या सदरात हा मोटारीचा विषय कशाला, असे काही वाचकांना वाटेल. माझ्या मते हा विषय मेकॅनिकइतकाच डॉक्टरचाही आहे. तुटलेली वायर नवी बसवता येते. पण उंदीर गाडीत जी घाण मागे ठेवतो तिच्यापासून आजार होऊ शकतो. आणि त्याला मारण्यासाठी आपण जे विष घरात आणतो त्यापासून तर जीवच जाऊ शकतो. या दोहोंत मला उंदरापेक्षा विषाची भीती अधिक वाटते, आणि आज लिहायचे आहे ते मुख्यतः त्याविषयी.

उंदीर गाडीत का येतो?

उंदराचे पुढचे दात जन्मभर वाढत राहतात. ते झिजवण्यासाठी त्याला सतत काहीतरी कुरतडावे लागते. वायरीवरचे आवरण, रबरी नळ्या, आसनातला फोम, सारे त्याला चालते. शिवाय नुकतीच येऊन थांबलेली गाडी म्हणजे थंडीत ऊबदार, अंधारी आणि मांजरापासून सुरक्षित अशी आयती खोलीच. लहान उंदराला बोटाएवढे भोकही आत शिरायला पुरते. मादी सुमारे तीन आठवड्यांत विते आणि एका वेळी सहा-आठ पिले सहज होतात. तेव्हा गाडीत उंदीर दिसला तर ‘एकच आहे’ म्हणून स्वस्थ बसू नये.

आपल्या भागात याला हंगामही आहे. सोयाबीनची काढणी झाली, शेत मोकळे झाले की शेतातले उंदीर वस्तीकडे सरकतात. विष्णुपुरीत एकीकडे शेतशिवार आणि गोदावरीचा काठ, दुसरीकडे विद्यापीठ, अभियांत्रिकी महाविद्यालय आणि शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय. बाहेरगावच्या गाड्या येथे झाडाखाली दोन-दोन, चार-चार दिवस उभ्या असतात. पेशंटसोबत आलेली मंडळी गाडीतच भाकरी सोडतात, शेंगा खातात, मुले बिस्किटे सांडतात. उंदराला अन्न आणि आसरा एकाच जागी मिळाला तर तो दुसरीकडे का जाईल?

घाण कोरडी झाडू नका

उंदराच्या मूत्रातून पसरणारा मुख्य आजार म्हणजे लेप्टोस्पायरोसिस. याचे जंतू ओलाव्यात टिकतात आणि कातडीवरच्या जखमेतून, ओरखड्यातून किंवा डोळ्या-तोंडाच्या नाजूक त्वचेतून शरीरात शिरतात. जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबईत या तापाची मोठी साथ आली होती, हे अनेकांना आठवत असेल. पावसाळ्यात गाडीतली पायपुसणी ओली राहतात, त्यावर उंदीर फिरतो, आणि आपण ती उघड्या हातांनी उचलून झटकतो. थंडी वाजून ताप, पोटऱ्यांत सपाटून दुखणे, डोळे लाल होणे आणि पुढे कावीळ, ही त्याची लक्षणे. ती बहुधा एक-दोन आठवड्यांत, क्वचित महिन्याभरानेही दिसतात. म्हणून असा ताप आला तर ‘गाडीत उंदीर झाले होते, मी साफ केले’ हे वाक्य डॉक्टरांना आवर्जून सांगावे. वेळेवर ओळखला तर हा आजार साध्या प्रतिजैविकांनी बरा होतो. ओळखायला उशीर झाला तर मूत्रपिंड आणि यकृत धोक्यात येते.

मराठवाड्याला तर उंदरांचा धडा एकदा मिळालेला आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर लोक घरे सोडून बाहेर राहू लागले. घरांत राहिलेल्या धान्यावर उंदीर पोसले गेले, आणि ऑगस्ट १९९४ मध्ये बीड जिल्ह्यातील मामला गावात गाठीचा प्लेग आढळला, अशी संगती त्या वेळी लावली गेली. पुढच्याच महिन्यात सुरतेत फुफ्फुसाच्या प्लेगने हाहाकार उडवला आणि लोक शहर सोडून पळाले. प्लेग उंदरावरच्या पिसवांमुळे पसरतो. उंदीर मेला की पिसवा त्याला सोडून माणसाकडे वळतात. आज गाडीत एखादा उंदीर दिसला म्हणून प्लेगची धास्ती घेण्याचे कारण नाही. मात्र एखाद्या जागी बरेच उंदीर आपोआप मरून पडलेले दिसले तर ती खबर नगरपालिकेला किंवा प्राथमिक आरोग्य केंद्राला तत्काळ द्यावी.

परदेशातले एक अलीकडचे उदाहरण. अमेरिकेत न्यू मेक्सिको राज्यात फेब्रुवारी २०२५ मध्ये अभिनेते जीन हॅकमन यांच्या पत्नी बेट्सी अराकावा हंता विषाणूच्या आजाराने मरण पावल्या. आरोग्य खात्याने त्यांच्या आवाराची पाहणी केली, तेव्हा गॅरेज आणि शेडमध्ये उंदरांच्या लेंड्या सापडल्या. आवारातल्या दोन वाहनांतही लेंड्या आणि घरटी होती. हंताचा हा प्रकार तिकडच्या रानउंदरांचा आहे. आपल्याकडच्या उंदरांमुळे तो होत नाही. पण त्यातला बोध आपल्यालाही लागू आहे. वाळलेली घाण झाडली की तिची धूळ श्वासावाटे आत जाते. झाडू, ब्लोअर, व्हॅक्युम यांनी उंदराची घाण काढणे म्हणजे ती हवेत उडवणे.

औषध नव्हे, विष

आता मुख्य मुद्दा. आपल्या भाषेत एक घातक सवय रुजली आहे. फवारणीचे ते औषध, ढेकणांचे ते औषध आणि उंदराचेही औषधच. शब्द औषधाचा असल्यामुळे वस्तूची भीती मरते. ती ट्यूब डिकीत, ग्लोव्ह बॉक्समध्ये, घरी खिडकीत किंवा बाथरूमच्या फळीवर पडून राहते.

या ट्यूबमध्ये बहुधा पिवळा फॉस्फरस असतो. ती दिसते टूथपेस्टसारखी. सप्टेंबर २०२१ मध्ये मुंबईत धारावी येथे एका १८ वर्षांच्या मुलीने सकाळी ती चुकून दातांना लावली आणि काही दिवसांनी तिचा मृत्यू झाला. या विषाचा कावा असा, की पहिल्या दिवशी मळमळ, उलटी, पोटदुखी होते, मग एक-दोन दिवस रोगी चांगला दिसतो. ‘आता बरं वाटतंय, सुट्टी द्या’ असा नातेवाइकांचा आग्रह सुरू होतो. नेमके त्यानंतर डोळे पिवळे होतात, रक्तस्राव सुरू होतो, शुद्ध हरपते. यकृत निकामी झालेले असते. या विषावर खात्रीचा उतारा नाही. रागाच्या भरात, निराशेच्या क्षणी हाताशी असलेली वस्तू उचलली जाते हेही आपल्या भागाला नवे नाही. तो क्षण टळला तर माणूस बहुधा वाचतो. म्हणून घरात अशी वस्तू नसणे हीच मोठी खबरदारी होय.

काही जण धान्यात ठेवायच्या ॲल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळ्या गाडीत ठेवतात. हवेतला ओलावा लागला की त्यांतून फॉस्फीन हा प्राणघातक वायू निघतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये चेन्नईजवळ कुंद्रथूर येथे घरात ठेवलेल्या उंदीरनाशकातून निघालेल्या विषारी हवेने दोन लहान मुले दगावली. ते तर घर होते. काचा लावलेली मोटार त्याहून कितीतरी लहान.

बाजारात मिळणारा ब्रोमाडिओलोनचा केक तुलनेने सौम्य. त्याने रक्त गोठत नाही, पण त्यावर के जीवनसत्त्वाचा उतारा आहे. तरीही गाडीत तो ठेवू नये. हा केक खाल्लेला उंदीर काही दिवसांनी मरतो आणि तोवर एसीच्या नळीत, डॅशबोर्डच्या मागे जाऊन बसतो. मग दुर्गंधीसाठी अख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागतो. डांबरगोळ्यांचा वास बंद गाडीत कोंडतो आणि काही मुलांमध्ये, विशेषतः जन्मतः जी-सिक्स-पीडी या घटकाची कमतरता असलेल्यांत, त्यामुळे रक्तपेशी फुटतात. चिकट पुठ्ठ्यावर अडकलेला उंदीर भेदरून तिथेच लघवी नि लेंड्या करतो, म्हणजे टाळायची तीच घाण वाढते. तंबाखूच्या पानांचा वास उडाला की उंदीर परत हजर.

विष पोटात गेल्याचा नुसता संशय आला तरी मिठाचे पाणी पाजून उलटी करवू नये. दूध, तूप, तेल पाजू नये. फॉस्फरस स्निग्ध पदार्थात विरघळून अधिक शोषला जातो. १०८ क्रमांकावर फोन करावा, ट्यूब किंवा पाकीट सोबत घेऊन रुग्णालय गाठावे, आणि रोगी ठीक दिसला तरी डॉक्टर सांगेपर्यंत घरी आणू नये.

मग करावे काय?

आधी अन्न काढावे. गाडीत जेवणाचा डबा, शेंगांची पिशवी, प्रसादाची पुडी रात्री राहू देऊ नये. आसनांखालची जागा आठवड्यातून एकदा पाहावी. गाडी कचराकुंडी, गवत, लाकडांचा ढीग यांच्याजवळ लावू नये. चार दिवस वापर नसला तरी रोज एकदा बॉनेट उघडून पाहावे, गाडी थोडी हलवावी. बाहेरची हवा आत येण्याची वाट एसीच्या बटणाने बंद ठेवावी आणि त्या तोंडाला मेकॅनिककडून बारीक लोखंडी जाळी बसवून घ्यावी. वायरी कुरतडलेल्या दिसल्या तर गाडी तशीच दामटू नये. उघड्या तारांमुळे आग लागू शकते.

उंदीर धरायचा तर जुना पिंजरा किंवा चाप उत्तम. तो गाडीच्या आत न ठेवता चाकाजवळ, भिंतीला लागून ठेवावा. भजे किंवा सुक्या खोबऱ्याचा तुकडा पुरतो. आणि पिंजऱ्यातला उंदीर शेजाऱ्याच्या दारात सोडून ‘सुटलो’ म्हणू नये. तो परत येईलच.

साफसफाई अशी करावी. गाडी मोकळ्या हवेत आणून सर्व दारे, डिकी आणि बॉनेट अर्धा तास उघडी ठेवावीत. या वेळी पंखा, एसी लावू नये. बॅटरीची तार काढून ठेवावी. रबरी हातमोजे आणि मास्क घालावा. घरगुती ब्लीचचा एक भाग नऊ भाग पाण्यात मिसळून लेंड्या आणि घरटे पूर्ण भिजवावे, पाच मिनिटे थांबावे, मग जुन्या कापडाने टिपून दुहेरी प्लास्टिक पिशवीत बांधून टाकावे. ब्लीच ॲसिडमध्ये किंवा दुसऱ्या कोणत्याही द्रावणात मिसळू नये. त्याने कापडाचा रंग जातो, म्हणून आसने साबणाच्या पाण्याने धुवून कडक उन्हात वाळवावीत. एसीच्या हवेची जाळी बदलावी. शेवटी हातमोज्यांसह आणि नंतर मोजे काढून, असे दोनदा हात साबणाने धुवावेत. उंदीर चावला तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवून दवाखाना गाठावा.

एकट्याचे काम नव्हे

हे सारे एका घराने केले आणि वाहनतळाच्या कडेला उष्ट्याचे ढीग तसेच राहिले, तर उंदीर एका गाडीतून उठून दुसरीत बसतील. जिथे शेकडो वाहने थांबतात, तिथे झाकणाची कचरापेटी, रोजची उचल आणि जेवायला बसण्यासाठी एक स्वच्छ जागा असणे ही संबंधित संस्थेची जबाबदारी आहे. त्याला फार पैसा लागत नाही. आणि किराणा दुकानदारांना माझी कळकळीची विनंती आहे, की गोळ्या-बिस्किटांच्या बरणीशेजारी उंदराच्या विषाची ट्यूब ठेवू नका. पोराच्या हाती चार पैसे देऊन मागवलेली तर मुळीच देऊ नका. माझे तर स्पष्ट मत आहे, की फॉस्फरसची ही पेस्ट किराणा दुकानात विकलीच जाऊ नये.

वाचकांनी आज एवढे करावे. गाडीची डिकी आणि घरातल्या फळ्या पाहाव्यात. तिथे अशी ट्यूब असेल तर ती झाकण लावून, प्लास्टिकमध्ये गुंडाळून, मुलांच्या हाती लागणार नाही अशा रीतीने कचरागाडीवाल्याला विष म्हणून सांगून द्यावी. चुलीत किंवा शेकोटीत टाकू नये, गटारात पिळू नये. वायरींचे नुकसान महिनाभरात विसरले जाते. घरातले माणूस गेले तर ते भरून येत नाही.