चिकलठाण्याच्या मुलीला कोण शिकवणार?

उंच मूल दिसले की ‘याला बास्केटबॉलला घाला’ असे सहज म्हटले जाते. पुढे ते मूल नावारूपाला आले तर श्रेय उंचीला दिले जाते आणि न आले तर दोष त्याच्या अंगच्या आळसाला. या दोन्ही निवाड्यांत त्याला शिकवणाऱ्या माणसाचा उल्लेख नसतो. खेळाडूच्या जडणघडणीत प्रशिक्षकाचा वाटा किती, हा प्रश्न त्यामुळे वृत्तपत्रांच्या क्रीडापानाबाहेर कधी येतच नाही. वस्तुतः तो संधीच्या वाटपाचा प्रश्न आहे, आणि वाटपाचा प्रश्न आला की राजकीय कार्यकर्त्याला त्याकडे पाठ फिरवता येत नाही.

बास्केटबॉल हा खेळच मुळी एका शिक्षकाने घडवला. १८९१ च्या डिसेंबरात अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे जेम्स नाइस्मिथ या शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकाने सज्जाच्या कठड्याला दहा फुटांवर पीच फळांच्या टोपल्या अडकवल्या आणि तेरा नियम लिहून काढले. गंमत अशी की, हा खेळ शिकवण्याची गोष्ट नाही, तो नुसता खेळायचा असतो, असे मत याच गृहस्थाने आपला विद्यार्थी फॉग ॲलन याला ऐकवल्याची आख्यायिका आहे. कॅन्सस विद्यापीठात नाइस्मिथच्या संघाने ५५ सामने जिंकले आणि ६० गमावले. गुरूचे न ऐकणारा ॲलन त्याच विद्यापीठात एकंदर ३९ हंगाम प्रशिक्षक राहिला आणि त्याने शिकवण्याचे शास्त्र उभे केले. त्याच्या हाताखाली खेळलेला डीन स्मिथ पुढे नॉर्थ कॅरोलायनात प्रशिक्षक झाला, आणि १९८१ ते १९८४ या काळात स्मिथच्या हाताखाली मायकेल जॉर्डन तयार झाला. आपल्याकडे गाण्याची घराणी सांगतात तशीच ही मालिका आहे.

जॉर्डनविषयी एक कथा जगभर सांगितली जाते: १९७८ साली शाळेच्या संघातून त्याला काढून टाकले आणि तो जिद्दीने पेटून उठला. व्यक्तीच्या जिद्दीवर सारे यश लादणाऱ्यांना ही कथा फार प्रिय आहे. प्रत्यक्षात त्याला काढलेले नव्हते. वरिष्ठ संघात एका उंच सवंगड्याची निवड झाली आणि जॉर्डनला कनिष्ठ संघात ठेवले गेले. वरिष्ठ संघात बाकावर बसून राहण्याऐवजी त्याला तिथे वर्षभर प्रत्येक सामन्यात खेळायला मिळाले, आणि मधल्या काळात त्याची उंचीही वाढली. जिद्द होतीच. पण जिद्दी मुलाला खेळायला मिळेल अशी दुसऱ्या संघाची सोय त्या शाळेने केलेली होती, हे कथा सांगणारे सोडून देतात.

प्रशिक्षक नेमके काय करतो? मोठ्यांचे कडे जमिनीपासून ३.०५ मीटरवर असते. दहा वर्षांच्या मुलीच्या हातात मोठ्यांचा जड चेंडू दिला तर तो तिथवर पोचवण्यासाठी ती सारे अंग पिळून, चेंडू खांद्यापासून ढकलते. चेंडू कधीमधी आत पडतो, पाहणारे टाळ्या वाजवतात आणि चुकीची सवय स्नायूंत कायमची बसते. पाच वर्षांनी बळ येते, पण कोपर चेंडूखाली येत नाही आणि मनगट सैल सुटत नाही. जाणता प्रशिक्षक लहानांसाठी २.६० मीटरवरचे कडे आणि छोटा चेंडू वापरतो. नेम लागण्याआधी तो पायांची ठेवण, गुडघ्यांचा वाक आणि धावता धावता थांबण्याची रीत पाहतो. अकाली उंच झालेल्या मुलाला केवळ कड्याखाली उभे करून आजचा सामना जिंकणे सोपे असते. पण त्या मुलाला चेंडू टप्प्यावर खेळवता आला नाही, तर बाकीची मुले उंच झाल्यावर त्याच्यापाशी काहीच उरत नाही. आजचा चषक आणि उद्याचा खेळाडू यांत निवड करण्याची वेळ प्रशिक्षकावर वारंवार येते. ज्याचे मानधन चषकावर ठरते तो कोणती निवड करील, हे सांगायला नको.

अर्थात प्रशिक्षकाचा महिमा वाटेल तेवढा फुगवण्याचेही कारण नाही. शहरोशहरी निघालेले उन्हाळी वर्ग चॅम्पियन घडवून देण्याची हमी देतात, ती बाजारातली जाहिरात आहे. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या, अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेणाऱ्या एका संशोधनात खेळातील कामगिरीच्या तफावतीपैकी सुमारे १८ टक्केच तफावत पद्धतशीर सरावाने उलगडते, असे आढळले. शरीराची ठेवण, सुरुवात कोणत्या वयात झाली, घरची परिस्थिती, दुखापती अशा किती तरी गोष्टी उरतात. उंची कोणी शिकवू शकत नाही. परंतु उंच मूल प्रशिक्षकाच्या नजरेस पडणार की नाही, हे निसर्ग ठरवत नाही. पंजाबातील बल्लो के या खेड्यातील शेतकऱ्याचा मुलगा सतनामसिंग भामरा याची उंची सात फूट दोन इंचांपर्यंत गेली. लुधियानाच्या अकादमीत पोचला म्हणून तो खेळाडू झाला, आणि २०१५ साली डॅलस संघाने ५२ व्या क्रमांकावर निवडलेला भारतात जन्मलेला पहिला खेळाडू ठरला. त्या व्यावसायिक स्पर्धेत प्रत्यक्ष सामना खेळण्याचा योग त्याला आला नाही. उंची आणि उशिरा मिळालेले उत्तम शिक्षण यांची मजल कुठवर जाते, हेही त्यातून दिसते.

महाराष्ट्राला मात्र पंजाबकडे पाहण्याची गरज नाही. मुंबईच्या नागपाड्यात, दाटीवाटीच्या श्रमिक वस्तीत, अमेरिकन मराठी मिशनचे क्लिफर्ड मॅन्शार्ट यांनी १९२० च्या दशकात ‘नेबरहुड हाऊस’ उभे केले. आज टाटा समाजविज्ञान संस्था म्हणून ओळखली जाणारी संस्था १९३६ साली याच वास्तूत सुरू झाली. याच वस्तीत बास्केटबॉल रुजला आणि येथूनच भारताचे कर्णधार गुलाम अब्बास मुंतसिर पुढे आले. त्यांना १९७० चा अर्जुन पुरस्कार मिळाला. प्रशिक्षक बच्चू खान यांचे नाव तिथल्या महापालिकेच्या मैदानाला आहे. नागपाड्याची पोरे काही जन्मतः उंच नव्हती. त्यांच्यापाशी गल्लीच्या टोकाला मैदान होते, संध्याकाळी तिथे हजर असणारा शिकवणारा होता, आणि मोठे झालेले खेळाडू लहानांना शिकवायला परत येत होते.

आता चिकलठाण्याकडे पाहावे. औद्योगिक वसाहत, विमानतळ, जालना रस्त्यावरची अखंड वाहतूक आणि तीन पाळ्यांत कामाला जाणारी माणसे. गरवारे क्रीडा संकुल याच परिसरात आहे. विद्यापीठाच्या आवारात भारतीय क्रीडा प्राधिकरणाचे केंद्र आहे, पण ते शहराच्या दुसऱ्या टोकाला, आणि तिथे पोचतो तो आधीच कोणीतरी हेरलेला खेळाडू. प्रश्न त्याच्या आधीच्या पायरीचा आहे. येथील एखाद्या कंत्राटी कामगाराची मुलगी अकराव्या वर्षी वर्गात सर्वांत उंच निघाली, तर तिचे कोपर सुधारणारे कोण आहे? रात्रपाळीहून आलेला बाप तिला दुपारी शहरापार नेऊ शकत नाही आणि खासगी वर्गाचे शुल्क भरू शकत नाही. दहावीच्या वाढीव क्रीडागुणांचा कागद मिळवण्यापुरताच खेळ तिच्या शाळेत उरला असेल, तर तिची उंची फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात तारीख लिहिण्याच्या कामी येईल.

या बाबतीत नवे कायदे मागण्याचीही गरज नाही. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या अनुसूचीत प्रत्येक शाळेला क्रीडांगण हवे असे लिहिले आहे. सहावी ते आठवीच्या वर्गांत शंभराहून अधिक मुले असतील तिथे आरोग्य व शारीरिक शिक्षणासाठी किमान अर्धवेळ निदेशक नेमणे बंधनकारक आहे. चिकलठाणा परिसरातील कार्यकर्त्यांनी शाळाशाळांतून फिरून दोन गोष्टी वहीत टिपाव्यात: मैदान आहे काय, आणि निदेशक नेमला आहे काय. असल्यास त्याचे मानधन किती महिने थकले आहे, हेही विचारावे. ती वही घेऊन महापालिकेच्या आणि जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागाकडे जावे, आणि २.६० मीटरच्या दोन कड्यांची मागणी त्याच निवेदनात लिहावी.