भांडी राहू दे, बाळ!

मैत्रिणींनो, परवा आमच्याकडे एक लहानसा प्रसंग घडला. भांडीवाली आली नव्हती आणि मोरीत हा ढीग पडलेला. धाकटी रॅकेट घेऊन बॅडमिंटनला निघाली होती. मी म्हटलं, "आधी एवढी भांडी घास, मग जा कुठं जायचंय तिथं." तिने निमूटपणे रॅकेट ठेवली, पण मोरीकडे वळताना म्हणाली, "आई, दादा क्रिकेटला निघतो तेव्हा त्याला कधी असं सांगतेस का गं?" मी गप्पच झाले.

उत्तर सुचेना, याला आणखी एक कारण होतं. त्याच आठवड्यात शाळेतल्या मुलींना सांगायची म्हणून मी नॅन्सी लोपेझची हकिगत वाचली होती. नॅन्सी ही अमेरिकेची नामवंत व्यावसायिक गोल्फपटू. गोल्फ आपल्याला तसा परकाच. मोठ्या हिरवळीवर अठरा खळग्यांत काठीने चेंडू घालायचा, आणि ज्याला कमीत कमी फटके लागतील तो जिंकला, एवढं कळलं तरी पुरे. खेळ पैसेवाल्यांचा, पण नॅन्सीचं घर मात्र काटकसरीचं होतं.

नॅन्सीचा जन्म १९५७ चा. आईवडील मूळच्या मेक्सिकन वंशाचे. न्यू मेक्सिको राज्यातल्या रॉसवेल गावात वडिलांचा, डोमिंगोंचा, मोटारदुरुस्तीचा धंदा होता. आई मरिना हिला तब्येतीसाठी चालण्याचा व्यायाम हवा होता, म्हणून नवराबायको गोल्फ खेळू लागले. आठ वर्षांची नॅन्सी मागे मागे जायची. वडिलांनी तिच्याही हातात एक काठी दिली. पोरीचा फटका बघून ते काय समजायचं ते समजले. बाराव्या वर्षी, म्हणजे १९६९ मध्ये, तिने राज्याची हौशी महिलांची स्पर्धा जिंकली. समोर मोठ्या बायका होत्या, बरं का!

आणि आता ती गोष्ट, जी मला मोरीपाशी आठवली. वडील नॅन्सीला भांडी घासू देत नसत. हे हात गोल्फसाठी आहेत, ते जपायला हवेत, असं त्यांचं म्हणणं.

वाचताना मला आधी कौतुक वाटलं. मग मनात आलं, ती भांडी कोणी घासली असतील? आईनेच ना! तिने आणखीही एक केलं. मुलीच्या खेळाला पैसा पुरावा म्हणून स्वतःचा खेळ सोडला. ज्या माउलीच्या निमित्ताने घरात गोल्फ आलं, तिचीच काठी बाजूला पडली. असं आपल्यापैकी कितीजणींचं झालंय, नाही?

पुढे हायस्कूलमध्ये मुलींचा संघच नव्हता, तर नॅन्सी मुलांच्या संघातून खेळली. १९७७ मध्ये ती व्यावसायिक झाली, आणि त्याच वर्षी आई गेली. लेकीचं यश बघायचं राहूनच गेलं. १९७८ च्या फेब्रुवारीत नॅन्सीने पहिली व्यावसायिक स्पर्धा जिंकली, ती आईला अर्पण केली. त्या वर्षी तिने नऊ स्पर्धा जिंकल्या, त्यांतल्या पाच तर लागोपाठ. सर्वोत्तम नवोदित आणि सर्वोत्तम खेळाडू हे दोन्ही मान तिला एकाच वर्षी मिळाले.

तुम्ही म्हणाल, हे लग्नाआधीचं असेल, पुढे काय? तर ऐका. १९८३, १९८६ आणि १९९१ मध्ये तिला तीन मुली झाल्या. थोरली अगदी लहान असताना, १९८५ मध्ये, तिने पाच स्पर्धा जिंकल्या आणि पुन्हा वर्षातली सर्वोत्तम खेळाडू ठरली. पती रे नाइट बेसबॉलचे नावाजलेले खेळाडू, म्हणजे दोघांचाही पाय घरात ठरत नसे. पुढे ती दोघं विभक्तही झाली. सगळं गोडगोड होतं असं मी सांगणार नाही. पण आईने सोडली तशी काठी लेकीने सोडली नाही. एकूण ४८ स्पर्धा तिच्या नावावर आहेत.

एक मात्र हुलकावणीच देत राहिलं. अमेरिकन महिला ओपन ही मोठी स्पर्धा तिला कधीच जिंकता आली नाही. १९९७ मध्ये, चाळीस वर्षांची आणि तीन लेकींची आई असताना, तिने चारही दिवस सत्तरच्या आत फटके मारले. त्या स्पर्धेत हे आधी कुणालाच जमलं नव्हतं. तरी इंग्लंडच्या ॲलिसन निकोलसपुढे ती एका फटक्याने हरली. नॅन्सीचे २७५, ॲलिसनचे २७४.

मला आणखी एक गोष्ट फार आवडली. अमेरिकेत या महिला गोल्फपटूंच्या संघटनेने १९९३ पासून स्पर्धांच्या गावोगावी जाणारं फिरतं पाळणाघर सुरू केलं. आई मैदानावर, मूल पाळणाघरात. त्यागाचे गोडवे गाण्यापेक्षा अशी सोय केलेली किती बरी!

म्हणून मैत्रिणींनो, "लेकीला भांडी घासायला लावू नका" असं मी म्हणणार नाही. घरकाम सगळ्यांनाच यायला हवं. पण लेकीचे हात मोकळे करायचे म्हणून ते काम मुकाट्याने आपल्या हातांवर घेऊ नका. मरिनाचा मोठेपणा मला मान्य आहे, पण घरातली एक काठी चालू ठेवायला दुसरी अडगळीत कशाला टाकायची? काम वाटून घ्या. आपली पेटी असो, विणकाम असो की अर्धवट राहिलेली परीक्षा, तीही बाहेर काढा.

आमच्याकडे आता भांडीवाली न येण्याच्या दिवशीच्या पाळ्या ठरल्या आहेत. एकदा दादा, एकदा धाकटी, एकदा मी आणि एकदा चक्क हे! कालच ह्यांची पाळी झाली. कुकरच्या बुडाला भात तसाच होता आणि दोन ताटांना साबण. मी पाहिलं, पण बोलले नाही. तुम्हीही बोलू नका. पुढच्या पाळीला आपोआप सुधारतं.